आवाज जिरतो म्हणजे नेमकं काय होतं?

आमच्या गावात विठ्ठल मंदिराचा सभामंडप काही वर्षांपूर्वी नवा बांधला. जुना होता तो लाकडी खांबांचा, वर कौलं, खाली शेणानं सारवलेली जमीन, दोन बाजू पूर्ण उघड्या. नवा आरसीसीचा, खाली ग्रॅनाइट, भिंतींना छातीपर्यंत टाइल्स, वर पीओपी. लोकांनी घरटी वर्गणी काढून फार जिवाभावानं बांधलाय आणि दिसतोही देखणा. पण पहिल्या एकादशीला तिथं हरिपाठ आणि प्रवचन झालं आणि घरी आल्यावर आण्णा (माझे वडील, पन्नास वर्षं टाळकरी आहेत) म्हणाले, "बुवांचा आवाज येत होता रे, पण बोलले काय ते कळलंच नाही." मग साऊंडवाल्यानं आवाज वाढवला तर अजून कळेना, मग अजून दोन बॉक्स लावले तर त्याहून कळेना.

मी पुण्यात छोट्या रेकॉर्डिंग रूम्सची आतली कामं करतो, म्हणजे रॉकवूल, ग्लासवूल (दगडाच्या आणि काचेच्या बारीक धाग्यांचे पाट), फोम हे रोज हाताखालून जातं. आण्णांचं ते वाक्य मनाला लागलं म्हणून हे सगळं एकदा नीट लिहायचं ठरवलं, कारण हा प्रॉब्लेम आमच्या एकट्या गावाचा नाहीये, हल्ली बांधलेल्या बहुतेक मंगल कार्यालयांत, शाळांच्या हॉलमध्ये, सभामंडपांत हेच होतंय.

सगळ्यात आधी एक गोंधळ दूर करू. आवाज अडवणं वेगळं आणि आवाज जिरवणं वेगळं. शेजारच्या टीव्हीचा आवाज आपल्याकडे येऊ नये म्हणून जे लागतं ते वजन, जाड जड भिंत, आणि भिंतीचं वजन दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल आवाज कमी पलीकडे जातो. पण तीच भिंत आवाज जिरवत मात्र नाही, ती जवळजवळ सगळा परत खोलीत फेकते. रॉकवूलचं उलटं आहे, नुसतं रॉकवूल मध्ये टांगलं तर पलीकडे बऱ्यापैकी आवाज जातो, पण परत फार थोडा येतो. लोक भिंतीला फोम चिकटवतात आणि मग म्हणतात शेजाऱ्याचा कुत्रा ऐकू येतोच की, तर तो येणारच, फोमचं ते काम नाही.

आता आवाज म्हणजे काय तर हवेचं पुढंमागं हलणं. हवा वाहत नाही, जागच्या जागी हलते आणि पुढच्या हवेला ढकलते, तो धक्का सेकंदाला साधारण ३४३ मीटरनं पुढं जातो. हलणं किती बारीक असतं ते बघा: समोरासमोर बसून आपण बोलतो त्या लेव्हलचा १००० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला हजार वेळा पुढंमागं होणारा) आवाज घेतला तर हवेचे कण सात-आठ नॅनोमीटर हलतात, आपल्या केसाच्या जाडीचा हजारो पटींनी लहान भाग. एवढ्या बारीक हलण्यात जी ताकद असते ती कुठंतरी संपवायची, एवढाच काय तो प्रश्न आहे.

काँक्रीट किंवा ग्रॅनाइटवर ही लाट आदळली की हवेला आत शिरायला जागाच नसते, म्हणून शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग परत येतात. मग समोरच्या भिंतीवर आदळतात, तिथून छताला, तिथून परत जमिनीला. आमचा मंडप २० मीटर लांब, १२ रुंद, ६ उंच आहे, तेवढ्या हॉलमध्ये आवाज सेकंदाला पन्नासेक वेळा कुठंतरी आपटतो आणि प्रत्येक वेळी त्याचे दोन-तीन टक्केच कमी होतात. म्हणजे बुवा "ज्ञानोबा" म्हणाले की "ज्ञा" अजून हॉलमध्ये फिरत असतो तोवर "नो" येतो, त्याच्यावर "बा" येऊन बसतो. आणि साऊंडवाल्यानं व्हॉल्यूम वाढवला की "ज्ञा" पण वाढतो आणि "बा" पण वाढतो, दोघांतला फरक तेवढाच राहतो. वर मोठ्यानं सुटलेला आवाज विरायलाही जास्त वेळ घेतो, त्यामुळे अजून कळेनासं होतं.

आता रॉकवूलचा एक तुकडा हातात घ्या (ग्लोव्हज घालून, खाजतं). दिसायला घट्ट पाट वाटतो, पण त्यात नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त नुसती हवा आहे. बाकीचे केसाहून कितीतरी बारीक धागे, काही मायक्रॉन जाडीचे, एकमेकांत वेडेवाकडे गुंतलेले, आणि त्यांच्यामधून हवेच्या वाटा, त्या सगळ्या एकमेकींना जोडलेल्या आणि बाहेर उघड्या. लाट आली की ती इथं आपटत नाही, आत शिरते. आणि आत शिरली की फसते.

फसते म्हणजे काय होतं? हवा पाण्यासारखीच थोडी चिकट असते. कुठल्याही घट्ट पृष्ठभागाला टेकलेला हवेचा थर त्या पृष्ठभागाला धरून बसतो, हलत नाही, त्याच्या वरचा थर थोडा हलतो, त्याच्या वरचा जास्त, आणि हे थर एकमेकांना घासतात. असा घासणारा पट्टा १०० हर्ट्झच्या आवाजाला साधारण ०.२ मिलिमीटर असतो आणि १००० हर्ट्झला ०.०७. खोलीच्या मानानं हे काहीच नाही, २० मीटरच्या हॉलमध्ये ०.२ मिलिमीटरला कोण विचारतो. पण रॉकवूलच्या आतल्या वाटाच एवढ्या अरुंद आहेत की तिथली सगळीच्या सगळी हवा या घासणाऱ्या पट्ट्यात येते, मोकळी हवा उरतच नाही. दिंडी रस्त्यानं चालताना सगळे मोकळे चालतात आणि तीच दिंडी बोळात शिरली की प्रत्येकाचा खांदा भिंतीला नाहीतर शेजारच्याला घासतो आणि चाल मंदावते, तसं. या घासण्यात आवाजाची ताकद उष्णतेत बदलते. हाताला काही गरम लागणार नाही, कारण माणसाच्या बोलण्यातली ताकदच मायक्रोवॅटमध्ये मोजावी लागते एवढी थोडी आहे.

घासण्याशिवाय अजून एक गोष्ट होते आणि ती मला स्वतःला फार आवडते. सायकलला पंपानं हवा भरताना पंप गरम होतो ना, हवा दाबली की तापते, मोकळी झाली की गार होते. आवाजाच्या लाटेत पण हवा क्षणाक्षणाला दाबली जाते आणि मोकळी होते, म्हणजे अगदी किंचित तापते आणि गार होते. मोकळ्या हवेत ही उष्णता जाईल कुठं, ती तिथंच राहते आणि पुढच्या क्षणी परत कामाला येते. पण रॉकवूलच्या आत शेजारीच धागा असतो, तो ही उष्णता ओढून घेतो आणि परत देताना उशीर करतो, या उशिरात पण थोडी ताकद गळते. न्यूटननं १६८७ मध्ये आवाजाचा वेग काढला तेव्हा त्यानं हवेचं तापमान बदलत नाही असं धरलं होतं आणि त्याचं उत्तर खऱ्या वेगापेक्षा बरंच कमी आलं. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञानं पुढं १८१६ मध्ये हवा दाबताना तापते हे धरून ते दुरुस्त केलं. आता गंमत बघा, अशा बारीक भोकांच्या आत खालच्या सुरांसाठी तापमान खरंच जवळजवळ बदलत नाही, म्हणजे मोकळ्या हवेत चुकलेलं न्यूटनचं गृहीतक रॉकवूलच्या पोटात लागू पडतं! त्यात वाटा वाकड्यातिकड्या, म्हणजे आवाजाला आत अंतरही जास्त कापावं लागतं, सगळं मिळून आवाज आत हळू चालतो आणि चालता चालता झिजतो.

मग लोकांना वाटतं की जेवढं दाट तेवढं चांगलं. तसं नाहीये. फार दाबलेलं, घट्ट मटेरियल घेतलं की लाटेला आत शिरणंच अवघड होतं आणि ती दारातूनच माघारी फिरते, फार विरळ घेतलं तर आरपार जाऊन मागच्या भिंतीवर आपटून परत येते, न घासताच. मधलं पाहिजे. बाजारात रॉकवूल डेन्सिटीवर मिळतं, मी भिंतीसाठी आणि छतासाठी बहुतेक वेळा ४८ चं (म्हणजे घनमीटरला ४८ किलो) घेतो, आणि डेन्सिटीपेक्षा हवा किती अडून जाते ते जास्त महत्त्वाचं.

त्याची घरगुती टेस्ट सांगतो. मटेरियलचा तुकडा तोंडाला लावा आणि फुंका (रॉकवूल-ग्लासवूलला तोंड लावू नका, हे फोम, कापड, गादी यांच्यासाठी). हवा थोडी जोर लावून पलीकडे गेली तर ते आवाज जिरवेल. अजिबात गेली नाही तर नाही जिरवणार, मग ते हाताला कितीही मऊ लागो. थर्माकोल घ्या, त्यात पण नव्वद टक्क्यांहून जास्त हवाच आहे, पण ती बंद फुग्यांत कोंडलेली आहे, एका फुग्यातून दुसऱ्यात वाट नाही, म्हणून थर्माकोल आवाजाला जवळजवळ काहीच करत नाही. योगा मॅटचं बऱ्याचदा तेच. स्पंजाचा फोम उघड्या भोकांचा, तो करतो. मऊपणाशी याचा संबंध नाही, वाटा उघड्या आहेत का एवढंच बघायचं. आणि अंड्याचे ट्रे! प्रत्येक हौशी स्टुडिओत दिसतात, पण तो पातळ पुठ्ठा आहे, आकार उंचसखल असल्यानं वरचे काही सूर इकडेतिकडे उधळतात इतकंच, जिरत फारसं काही नाही. पोरं पॉकेटमनी साठवून ते गोळा करतात याचं मला वाईट वाटतं, त्यापेक्षा घरातली कापसाची गादी भिंतीपासून थोडी लांब उभी करा, कितीतरी चांगलं काम करेल.

भिंतीपासून लांब का? इथं सगळ्यात जास्त लोक चुकतात. दोरीचं एक टोक भिंतीतल्या हुकाला बांधा आणि दुसरं टोक हातात धरून हलवा. हुकापाशी दोरी हलतच नाही, थोडं अलीकडे सगळ्यात जास्त झोका घेते. आवाजाचं तसंच आहे, भिंतीला टेकलेली हवा पुढंमागं हलू शकत नाही कारण मागं भिंत आहे, आणि लाटेच्या लांबीच्या (म्हणजे एका धक्क्यापासून पुढच्या धक्क्यापर्यंतच्या अंतराच्या) पाव अंतरावर ती सगळ्यात जास्त हलते. आणि घासणं हवेच्या हलण्यावर अवलंबून आहे, म्हणजे जिथं हवा हलतच नाही तिथं रॉकवूल लावून उपयोग नाही. आता हे पाव अंतर किती ते बघा, ४००० हर्ट्झला जेमतेम २ सेंटिमीटर, १००० ला साडेआठ, ५०० ला १७, आणि १०० हर्ट्झला तब्बल ८६ सेंटिमीटर.

म्हणजे एक इंचाचा फोम भिंतीला चिकटवला की तो टाळाची किणकिण खाणार आणि पखवाजाच्या धुमाळीला हातही लावणार नाही. बोलण्यात पण तेच, स, श, च, ट, थ ही व्यंजनं वरच्या सुरांत असतात आणि आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या सुरांत जोर धरतात. पातळ फोम किंवा पातळ कार्पेट व्यंजनांची धार खातं आणि स्वरांचा घुमारा तसाच ठेवतं. आणि शब्द कळतो तो व्यंजनांवर! म्हणून कधीकधी हॉलमध्ये पातळ कार्पेट टाकून बोलणं जास्तच गढूळ होतं आणि लोक म्हणतात की या सगळ्याचा काही उपयोग नसतो. उपयोग असतो, जाडी कमी पडलेली असते. जाडी वाढवणं महाग पडतं, पण एक स्वस्त युक्ती आहे, तेच ५ सेंटिमीटरचं रॉकवूल छताला न चिकटवता २५-३० सेंटिमीटर खाली टांगायचं. मधली मोकळी हवा फुकट आहे आणि ती जाडीचंच काम करते.

हे सगळं पहिल्यांदा नीट मोजलं ते वॉलेस सबिन नावाच्या एका तरुण प्राध्यापकानं, आणि त्याचा प्रॉब्लेम अगदी आमच्या सभामंडपाचाच होता. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ मध्ये फॉग म्युझियमचा नवा लेक्चर हॉल बांधला होता आणि त्यात बोललेलं कळतच नव्हतं, एक शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. विद्यापीठानं सबिनला सांगितलं, बघ जरा काय करता येतंय. त्यानं शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या उशा आणल्या आणि रात्री सगळं शांत झाल्यावर ऑर्गनची एक नळी वाजवायची, बंद करायची आणि आवाज विरेपर्यंत किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं, मग अजून उशा ठेवायच्या, परत मोजायचं. असं रात्र रात्र. त्यातून निघालेलं सूत्र आजही आम्ही रोज वापरतो: आवाज किती सेकंद घुमणार ते काढायचं तर हॉलचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण जिरवण. आणि जिरवण मोजायचं त्याचं माप होतं उघडी खिडकी! एक चौरस मीटर उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे पूर्ण जिरला. १९०० मध्ये उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल याच गणितावर बांधला आणि तो आजही जगातल्या उत्तम हॉल्समध्ये धरला जातो.

आता हे सूत्र आमच्या मंडपाला लावू. घनफळ १४४० घनमीटर. भिंती, छत, जमीन मिळून ८६४ चौरस मीटर, टणक असल्यामुळे प्रत्येकी तीन टक्के धरले तर जिरवण आली २६. दारं-खिडक्या उघड्या असतील त्याचे १० धरू, झाले ३६. रिकाम्या मंडपात आवाज घुमणार साडेसहा सेकंदांच्या जरा आत. हरिपाठाला २० माणसं आली, एक माणूस कपड्यांसकट साधारण अर्धा चौरस मीटर जिरवतो, म्हणजे अजून १०. तरी पाच सेकंद. सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला २०० माणसं बसली की १०० ची भर पडते आणि घुमणं येतं १.७ सेकंदांवर. आण्णांना मी हे वहीवर मांडून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणून काल्याच्या दिवशी सगळं कळतं होय." बरोबर म्हणून! माणसं म्हणजे अंगावर धोतर, साडी, शाल घेतलेली चालतीबोलती सच्छिद्र वस्तूच आहे.

जुन्या मंडपात हे का नव्हतं? बऱ्याच जणांचा समज आहे की शेणाची जमीन आवाज पित होती, मला ते पटत नाही, तिच्यात फार काही जिरत नसणार. खरं काम त्या दोन उघड्या बाजू करत होत्या, सबिनच्या भाषेत त्या दोन भिंतींएवढ्या उघड्या खिडक्या होत्या, आणि कौलांमधल्या फटी. आपण त्या बंद केल्या आणि त्याच्या बदल्यात काही ठेवलं नाही.

लावताना दोन गोष्टी फार सांभाळायच्या. पहिली म्हणजे रंग. छान उघड्या भोकांचं पॅनल लावतात आणि दोन वर्षांनी दिवाळीला पेंटर त्याच्यावर जाड रंग मारतो, भोकं बुजली की संपलं, त्याची भिंत झाली. ही अडचण जुनी आहे. अमेरिकेत १९२० च्या दशकात उसाच्या चिपाडापासून आवाज जिरवणारी पॅनल्स बनवायचे, हो, आपल्याकडे कारखान्याच्या बॉयलरला जातं तेच चिपाड, त्याचं नाव अकूस्टी-सेलोटेक्स. त्यांनी त्या पॅनलला मुद्दाम खोल खोल भोकं पाडली, म्हणजे वरून रंग मारला तरी भोकाच्या आतले धागे उघडे राहतात. आजही छताच्या टाइल्सना अशी टिपके टिपके भोकं दिसतात.

दुसरी गोष्ट आग, आणि ही मी हात जोडून सांगतो. साधा स्पंजाचा फोम पेट्रोलसारखा पेटतो. २००३ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडला एका नाइटक्लबमध्ये स्टेजवरच्या आतषबाजीची ठिणगी भिंतीवरच्या अशा फोमला लागली आणि १०० माणसं गेली. आपल्या मंडपात समई आहे, कापूर आहे, उदबत्ती आहे. तिथं असला फोम लावायचा नाही, कितीही स्वस्त मिळाला तरी. रॉकवूल जळत नाही कारण तो मुळात दगड आहे, बेसॉल्टसारखा दगड भट्टीत वितळवून त्याचे धागे काढतात. आपला सह्याद्री ज्या दगडाचा आहे, तोच हा दगड.

आत्तापर्यंत मी धरून चाललो की धागे हलत नाहीत, फक्त हवा हलते. हवा हलकी आहे म्हणून ते चालून जातं. पण भोकांत हवेऐवजी पाणी किंवा तेल भरलेलं असेल तर सांगाडा आणि आतला द्रव दोघंही हलतात, कधी बरोबर, कधी एकमेकांविरुद्ध. मॉरिस बिओ या शास्त्रज्ञानं १९५६ मध्ये याचं गणित मांडलं आणि सांगितलं की अशा वस्तूत दाबाची एक नाही तर दोन लाटा चालतील, एक नेहमीची वेगवान आणि एक मंद, जिच्यात द्रव आणि सांगाडा उलट दिशांना हलतात. ती मंद लाट प्रयोगशाळेत स्पष्ट दिसायला १९८० उजाडलं. मुंबई हायचं तेल १९७४ मध्ये सापडलं ते समुद्राखालच्या चुनखडकाच्या अशाच भोकांत, आणि असल्या विहिरीत आवाजाचं यंत्र सोडून खडकात भोकं किती आहेत ते ताडतात, कारण भोकं जास्त तर आवाज हळू.

गेल्या वर्षी आम्ही मंडपाचं काम केलं. १०० चौरस मीटर रॉकवूल, ५ सेंटिमीटर जाड, पातळ पॉलिथिनमध्ये न गुंडाळता (बरेच जण तशीच पिशवी ठेवतात, हवा जायलाच नको का आत), धागे गळू नयेत म्हणून बारीक ग्लास टिश्यू आणि त्यावर आग धरत नाही असं विरळ विणीचं कापड, ज्याच्यातून सहज श्वास घेता येतो असं. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये बसवून छताखाली २५ सेंटिमीटरवर टांगलं. गणितानं २० माणसांत घुमणं पावणेदोन सेकंदांवर यायला पाहिजे होतं, टाळी वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर दोन सेकंदांच्या आसपास आलं. बॉक्स चारावरून दोनावर आणले. हरिपाठाला मागच्या खांबापाशी बसणाऱ्या म्हाताऱ्या बायका आता पुढं सरकत नाहीत, तिथूनच ऐकतात.

पखवाजाचा घुमारा मात्र कोपऱ्यात अजून राहिलाय, पखवाजवाल्यानं जोरात थाप मारली की गाभाऱ्याच्या डाव्या बाजूला तो गोळा होऊन बसतो. ८६ सेंटिमीटरचा हिशोब आहे तो, ५ सेंटिमीटर रॉकवूल आणि २५ ची फट तिथं पुरणार नाहीच. दोन्ही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत तिरके, आतून रॉकवूलनं भरलेले जाड खांब उभे करायचे ठरलंय, लाकूड आलंय, आषाढीच्या आधी होईल.